व्हिडिओ दुसरीकडचा, वळ मात्र खरे

विट्याजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. सहाशेच्या वर माणसं असलेल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या त्या ॲडमिन. यात्रेत डीजे बंद करण्यावरून वादावादी झाली, रात्री पोलिसांनी चार पोरं गाडीत घालून नेली आणि पहाटे सोडली. त्यांच्यात ताईंच्या जावेचा मुलगा होता. त्याचे तळपाय सुजलेत, पाठीवर वळ आहेत. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ४० सेकंदांचा व्हिडिओ आला. कोठडीत दोघं एका पोराला पट्ट्यानं मारतायत आणि खाली मजकूर, ‘आपल्याच ठाण्यातला प्रकार, एक पोरगं गेलं.’ ताईंनी ‘खरं आहे, आमच्या घरातलाच पोरगा होता’ असं लिहून तो आणखी दोन ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला की गेलं कुणीच नाही आणि व्हिडिओही इथला नाही. आता निम्मा ग्रुप म्हणतो, ‘पोरांना मारलंच नाही, सगळा बनाव.’ निम्मा म्हणतो, ‘मारलं ते बरं केलं.’ त्यात ठाण्यातून फोन आला, ‘डिलीट करा, नाहीतर गुन्हा दाखल करू.’ ताईंचे तीन प्रश्न आहेत. असा व्हिडिओ खरा-खोटा कसा ओळखायचा? ग्रुपवर आता काय लिहू? आणि पोराला खरंच मारलंय, तर ते आता कोण ऐकणार?

ताई, क्रम थोडा बदलतो. तिसरा प्रश्न आधी घेऊ, कारण व्हिडिओचा घोळ आठवड्यानंही निस्तरता येईल, अंगावरचे वळ तेवढे थांबणार नाहीत. (हा भाग पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला फोनवर सांगितला होता. बाकीच्यांसाठी इथं लिहितो.)

पोराला सगळ्यात पहिल्यांदा विचारा, लघवीचा रंग कसा आहे? कोऱ्या चहासारखी काळपट होत असेल किंवा कमी होत असेल, तर तक्रार-बिक्रार बाजूला ठेवा आणि थेट सांगलीच्या सिव्हिलला न्या. दांडक्यानं किंवा पट्ट्यानं मांड्या, पोटऱ्या, पाठ झोडपली की वरून कातडी शाबूत दिसते, पण आतला स्नायू चिरडतो. त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतं. सीपीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या रक्ताच्या तपासण्या करायला सांगा. मारहाणीनंतर एक-दोन दिवस बरा वाटणारा माणूस एकाएकी ढासळतो, त्यामागं बऱ्याचदा हे असतं.

तसं काही नसलं तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्यायची. गडबड होते ती नेमकी इथं. भिऊन पोरगं सांगतं ‘पडलो’, डॉक्टर तसंच लिहून घेतात आणि पुढं कोर्टात तोच कागद पोराच्या विरोधात उभा राहतो. कुणी, कुठं, किती वाजता, कशानं मारलं हे जसं घडलं तसं सांगा आणि केसपेपरवर लिहिलेलं वाचूनच उठा. लाठी सपाट अंगावर बसली की दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधली पट्टी फिकी राहते. डॉक्टरांना ही खूण चांगली ठाऊक असते. पडल्यावर असा वळ उठत नाही. तळपायांचा एक्स-रे मागून घ्या. वळ आधी लाल, मग निळा-जांभळा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून हिरवट, मग पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. रंगावरून काढलेला काळ ढोबळच असतो. त्यामुळं तपासणीला एक दिवस जरी उशीर झाला, तरी समोरचा वकील म्हणणार की ही जखम नंतरची आहे.

फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश आणि फिल्टर नको. प्रत्येक जखमेचे दोन फोटो हवेत. एक लांबून, चेहरा दिसेल असा, आणि एक जवळून, शेजारी शाळेची पट्टी धरून. हे फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवू नका. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं आणि आतली वेळेची माहिती पुसतं. पाठवायचेच झाले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ज्या फोनवर काढलेत तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा, लिहावी लागते. मूळ फाइलच नसेल तर ती आणणार कुठून?

आता पहिला प्रश्न. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओच्या वर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ हा शेरा आहे. म्हणजे मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून तो तुमच्यापर्यंत आला. काल रात्री आपल्या ठाण्यात काढलेला व्हिडिओ आज सकाळी गावच्याच ग्रुपवर इतका फिरून येणं शक्य आहे, पण शंका घ्यायला तेवढं पुरेसं होतं. फाइलच्या नावात तारीख दिसते तिच्यावर जाऊ नका. नावात ‘डब्ल्यूए’ असेल तर ती तारीख फाइल तुमच्या फोनवर आली त्या दिवसाची असते, घटनेची नसते.

मग व्हिडिओ थांबवून चार-पाच स्क्रीनशॉट घ्यायचे आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर टाकायचे. खालची मजकुराची पट्टी आधी कापून टाका, नाहीतर शोध चित्र सोडून त्या अक्षरांच्याच मागं लागतो. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटं करून पुन्हा शोधा, कारण फिरवणारे मुद्दाम उलटं करून टाकतात. सापडलेल्या निकालांत पहिला पाहू नका, सगळ्यात जुना पाहा. तुमचा व्हिडिओ असाच सापडला. तो जुना आहे आणि दर वेळी वेगळ्या गावाचं नाव लावून फिरलाय. खरं तर एवढंही करायची गरज नव्हती. ११ व्या सेकंदाला दारामागं अर्धी पाटी दिसते आणि तिच्यावरची अक्षरं कन्नड आहेत. सीमेवरच्या जत तालुक्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं वाचून दाखवलं असतं. पाटी, खांद्यावरच्या पट्टीची अक्षरं, टोपी आणि गाडीचा नंबर पाहायची सवय लावा. आपल्याकडं सांगलीची एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११, कराडची एमएच-५०. नुसत्या केए नंबरावरून मात्र ठरवू नका, सीमेवरच्या जिल्ह्यात कर्नाटकच्या गाड्या रोजच्याच. एआयनं बनवलेल्या चित्रात पाट्यांवरची देवनागरी मोडकी येते, हाताची बोटं आणि पट्ट्याचं बक्कल विरघळल्यासारखं दिसतं. पण ती चित्रं रोज सुधारतायत, तेव्हा त्या खुणांवर फार विसंबू नका. ताजी एआय फीत लेन्सलाही सापडत नाही.

आणि ‘एक पोरगं गेलं’ हे तपासायला लेन्स कशाला हवी होती? पोरं चार, घरं चार, सगळी एकाच गावात. अर्ध्या तासात चारही उंबरे झाले असते. नाव, घर आणि दवाखाना नसलेली मृत्यूची बातमी कुणाचीही असो, पुढं ढकलायची नाही. जत तालुक्यातल्याच लवंगा गावात सप्टेंबर २०२२ मध्ये मुलं पळवणारी टोळी समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी मारलं. तिथंही कुणाचं मूल हरवलंय का, हे आधी कुणी विचारलं नव्हतं.

ठाण्याची बाजू तपासायचीही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाप्रमाणं एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेत आणि नेटवर्कची अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत सवलत आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून पाहा. पोरांवर गुन्हा नोंदवलाय का, अटक दाखवलीय का, ते कळेल. काहीच नोंद नसेल तर ‘मग रात्रभर कुठल्या कायद्यानं बसवून ठेवलं’ हा प्रश्न उभा राहतो आणि तो व्हिडिओपेक्षा जड आहे.

दुसरा प्रश्न ग्रुपवर काय लिहायचं. गुपचूप डिलीट करून बसू नका. तसं केलं तर ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यात व्हिडिओ राहतो आणि ज्यांना संशय होता ते म्हणतात, लपवाछपवी चाललीय. आधी मूळ संदेश, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही ग्रुपवरून काढता येतो. त्यानंतर एवढंच लिहा:

‘काल मी टाकलेला ४० सेकंदांचा व्हिडिओ आपल्या ठाण्यातला नाही, जुना आणि दुसरीकडचा आहे. कुणाचाही मृत्यू झालेला नाही. मी न तपासता टाकला, ही माझी चूक. ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांनी तिथंही हे पाठवावं. यात्रेच्या रात्री आपल्या गावच्या चार मुलांना ठाण्यात नेलं होतं. त्यांच्यापैकी एकाची सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आहे. त्याबद्दलची तक्रार वेगळी, लेखी दिली जाईल. तिच्यावर ग्रुपवर चर्चा नको.’

एमएलसी होऊन हातात येण्याआधी शेवटची वाक्यं टाकू नका. ज्या दोन ग्रुपवर तुम्ही स्वतः टाकलंत तिथंही हाच मजकूर जायला हवा. स्पष्टीकरण, भावना, ‘पण तरीही’ असलं काही जोडू नका, लोक नेमकं तेवढंच उचलतात.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान कुणाचं झालं, तर तुमच्या पुतण्याचं. खोटा व्हिडिओ पोलिसांचं फार बिघडवत नाही. उलट ‘हेही तसलंच’ म्हणायची आयती सोय त्यांना मिळते. ज्याला खरंच मार बसला त्याची साक्ष मात्र पहिल्याच दिवशी पातळ होते. म्हणून गोष्ट तीन मिनिटांत सांगता येईल एवढीच ठेवा, पण प्रत्येक वाक्यामागं कागद हवा.

‘मारलं ते बरं केलं’ म्हणणाऱ्यांशी ग्रुपवर भांडत बसू नका, पण मुद्दे माहीत असू देत. मारल्याशिवाय कबूल करत नाहीत, हा नेहमीचा. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही, साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ पाहा. त्यातून वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. कबुलीसाठी दुखापत करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १२०, शिक्षा सात वर्षांपर्यंत, जबर दुखापत असेल तर दहा. अलीकडं आरोपींची धिंड काढून हात जोडायला लावलेल्या रिल्सना लोक टाळ्या देतात. कुठल्याही कायद्यात ही शिक्षा नाही, आणि पुढं ओळख परेड घ्यायची असेल तर असली रील आरोपीच्या वकिलालाच कामाला येते.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एक सांगा. जमाव पांगवताना किंवा अटकेला विरोध होत असताना पोलिसांना गरजेपुरतं बळ वापरता येतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत काही गंभीर गुन्ह्यांत बेडी घालायचीही मुभा आहे. त्यामुळं रस्त्यावरची लाठी आणि कोठडीतली लाठी एका मापानं मोजू नका. रस्त्यावरच्या व्हिडिओत आधीचं आणि नंतरचं काय कापलंय ते बघावं लागतं. कोठडीत बसलेल्या माणसाला हात लावायला मात्र कुठलंच कलम नाही.

आणि पोलिसांची प्रेस नोट म्हणजे तपासून झालेलं सत्य, असंही नाही. तीही एका बाजूचं म्हणणं. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर ठाण्यातले दोन आरोपी पळून गेले असं सांगितलं गेलं. पुढं निघालं की त्यांच्यातला एक कोठडीतच मेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. फौजदारासह पोलिसांनाच अटक झाली. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीतला एक तरुण गेला तेव्हा आजारपणाची चर्चा आधी झाली, प्राथमिक शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळं बसलेला धक्का असं कारण आलं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. अशा बातम्या वाचताना काही शब्दांवर बोट ठेवून वाचा. ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ म्हणजे गुन्हा नव्हे. ‘निलंबन’ आणि ‘मुख्यालयात जमा’ ही शिक्षा नव्हे. ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला’ म्हणजे कारण अजून ठरलेलं नाही, मग कुणी ‘हृदयविकार’ म्हणो की ‘खून’. प्रेताच्या पाठीवरचा जांभळा रंग नेहमी माराचाच असतो असंही नाही, मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साकळतं. चिरून पाहिल्यावर डॉक्टरांना फरक कळतो, फोटोवरून कळत नाही. आणि पोलीस कोठडीत मृत्यू झाला तर प्रांतांची चौकशी पुरत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांची लागते. मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. कोठडीतल्या मृत्यूंचे आकडे कुणी तोंडावर फेकले तर एवढंच विचारा, पोलीस कोठडीतले की तुरुंगातले धरून? दोन्ही एकत्र केले की आकडा कितीतरी फुगतो, कारण तुरुंगात आजारानं गेलेलेही त्यात येतात.

आता तक्रारीचं. सगळ्यात घाईचा कागद सीसीटीव्हीचा. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात दार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या सगळीकडं आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायला हवं. प्रत्यक्षात डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं किंवा ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असं उत्तर येतं. म्हणून पहिल्या अर्जात चित्रण ‘द्या’ म्हणू नका, ‘राखून ठेवा’ म्हणा. तारीख, रात्री किती ते पहाटे किती, कुठकुठले कॅमेरे, सगळं लिहा. अर्ज पोलीस अधीक्षक, सांगली यांच्या नावानं आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा समितीत दोघंही असतात. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच जपा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्या रात्रीची स्टेशन डायरी, पोरांना नेलेल्या गाडीचं लॉगबुक आणि कॅमेरे चालू-बंद असल्याची नोंद मागा. चित्रण मागितलं तर ‘तपास चालू आहे’ म्हणून नाकारतील, डायरीला आणि लॉगबुकला तेवढ्या सहज नकार देता येत नाही.

चारही पोरांचे जबाब वेगवेगळे, एकमेकांना न ऐकवता लिहून काढा. एकत्र बसवलं की सगळ्यांचं सारखं होतं आणि पढवल्यासारखं वाटतं. नाव दिसलं नसेल तर नाव ठोकून देऊ नका. ‘मिशी, डाव्या हातात घड्याळ, छातीवर नावाची पट्टी नव्हती’ एवढं चालतं. चुकीच्या माणसाचं नाव एकदा गेलं की सगळी तक्रार तिथंच बसते. ‘अमानुष’, ‘राक्षसी’ हे शब्द काढा, कलमं वकिलावर सोडा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी, तिथंही नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. सरकारी नोकराविरुद्ध तक्रार असेल तर दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात, त्यामुळं वेळ लागतो, त्याला नकार समजू नका. पुण्यातलं विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण आपल्या जिल्ह्यालाही आहे. मानवी हक्क आयोगाकडं घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग, दोन्हीपैकी एकच निवडा, एकानं दखल घेतली की दुसरा हात लावत नाही. वकिलाला पैसे नसतील तर विट्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही, म्हणून पोराची आई अर्जदार झाली तर सोपं जाईल.

राहिला तो फोन. सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. पण तुम्ही स्वतः ‘खरं आहे’ लिहून पुढं पाठवलंत, ते तुमचं. घबराट पसरवणाऱ्या मजकुराचं न्याय संहितेत कलम ३५३ आहे. त्यातच अपवादही आहे: खरं मानायला सबळ कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, तर गुन्हा नाही. घरात खरंच मार बसलेला पोरगा होता आणि चूक कळल्यावर स्वतःहून दुरुस्ती टाकली, हे तुमच्या बाजूनं बोलेल. म्हणून दुरुस्तीच्या संदेशाचाही वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. पुन्हा फोन आला तर आवाज न चढवता सांगा, ‘व्हिडिओ काढलाय, दुरुस्ती टाकलीय, बाकी काही असेल तर लेखी द्या.’ नोटीस आली तर वरचं कलम आधी वाचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची असेल तर ती ताकीद आहे, पोच देऊन ठेवून द्या. १७९ ची असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय आणि महिलेला त्यासाठी ठाण्यात जायची सक्ती नाही, त्यांनी घरी यायचं. ३५ ची असेल तर वकील घेऊन ठरल्या वेळेला हजर व्हा. फोन मागितला तर पंचनामा आणि पावतीशिवाय हातात देऊ नका, आणि देण्याआधी पोराच्या जखमांचे मूळ फोटो दुसऱ्या जागी उतरवून घ्या.